आधी कोण, वेद की बुद्ध? (कार्ल्याच्या रांगेत निघालेला प्रश्न)

घाटवाट

गेल्या रविवारी भाचीला घेऊन कार्ल्याला गेलो होतो. बहिणीचं सासर कोळ्यांचं, एकवीरा त्यांची कुलदेवी, त्यामुळे "आधी देवी, मग तुझी लेणी" असा बहिणीचा हुकूम होता. रांग अगदी चैत्याच्या, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, तोंडाशी येऊन वळते. डावीकडे सोळा बाजूंचा सिंहस्तंभ, उजवीकडे देवीचं देऊळ. स्तंभाचा जुळा भाऊ होता तो देवळाच्या जागीच होता, असं म्हणतात. बाहेर शेंदूर, नारळ, पिशवीत ओरडणारा कोंबडा. आत दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून छताला चिकटून.

भाची अकरावीत आहे. तिने विचारलं, "मामा, आधी देवी होती की आधी बुद्ध?" मी लेण्याचं शतक सांगायला लागलो. ती म्हणाली, "तसं नाही रे. आधी हिंदू होते की बौद्ध?" मागचे काका लगेच म्हणाले, "हिंदूच. पाच हजार वर्षं." पुढचा मुलगा मागे वळून म्हणाला, "काका, लेणी कोणाची आहेत ते बघा की." रांग सरकली म्हणून विषय तिथेच राहिला.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझं मत सरळ सांगतो, मग तुम्ही फोडा. प्रश्नातले दोन्ही शब्द त्या काळावर आपण मागून चिकटवलेत. 'हिंदू' हा सिंधू नदीचा इराणी उच्चार. इराणी सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत तो प्रांताचं नाव म्हणून येतो, धर्माचं नाही. यज्ञ करणारा माणूस स्वतःला हिंदू म्हणवत नव्हता, आणि भिक्खूला दान देणारा माणूस त्या दानामुळे बाकीचं सगळं सोडून येत नव्हता.

पुरावा लांबचा नको, नाशिकचा घ्या. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप (प्रांताचा राजा) नहपानाचा जावई, म्हणजे शक, मध्य आशियातून आलेल्यांपैकी. लेखाच्या सुरुवातीला तो काय सांगतो? तीन लाख गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, प्रभासला आठ ब्राह्मणांना बायका मिळवून दिल्या, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. हे सगळं बौद्ध लेण्याच्या भिंतीवर! आणि मग सांगतो की हे लेणं भिक्खूसंघाला दिलं.

पुढचा हिशोब मला फार आवडतो. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एकीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण. करून बघा: २,००० वर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. आमच्या पतपेढीचा ताळेबंदसुद्धा इतका जुळत नाही.

तर हा उषवदात हिंदू की बौद्ध? मंडळी, लिहा. फक्त एकमेकांची जात काढू नका, धागा उडेल.

चहाबाज

जागा धरली. आधण ठेवतो.

इतिहासवेडा

घाटवाट, लेख छान, पण तुम्ही सुरुवातच दोन हजार वर्षं उशिरा केलीत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर पशुपती बसलाय, योगासनात. पिंपळाची पूजा आहे. महास्नानगृह आहे, म्हणजे तीर्थस्नान आलं. कालीबंगनला अग्निकुंडं आहेत. आणखी काय हवं? काका बरोबर बोलले, पाच हजार वर्षं.

खापरखुणा

माझी हयात खापरं धुण्यात गेली, त्यामुळे या मुद्रेवर थोडं सविस्तर लिहितो. रागावू नका.

हडप्पा दयाराम साहनींनी १९२१ मध्ये खणायला घेतलं, मोहेंजोदडो राखालदास बॅनर्जींनी १९२२ मध्ये. ती मुद्रा त्यानंतर काही वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॅके यांच्या उत्खननात मिळाली. मऊ शंखजिऱ्याचा साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन, टपाल तिकिटाएवढा म्हणा. 'हा शिवाचा पूर्वज' हे पुरातत्त्वज्ञ मार्शल यांचं मत, १९३१ मधलं. तीन तोंडं, योग्याची बैठक आणि भोवती जनावरं, हे त्यांचे मुद्दे.

आता जनावरं मोजा. एका बाजूला हत्ती आणि वाघ, दुसऱ्या बाजूला गेंडा आणि म्हैस. आसनाखाली हरणासारखे दोन प्राणी. बैल कुठाय? नंदीशिवाय शंकर! आणि वैदिक भाषेत 'पशु' म्हणजे मुख्यतः दावणीचं जनावर, गाय, घोडा, शेळी. वाघ-गेंड्यांच्या धन्याला त्या अर्थाने 'पशुपती' म्हणणं ओढूनताणूनच होतं. डोक्यावरची शिंगं म्हशीची वाटतात, आणि चेहराही म्हशीचाच असावा, असा मुद्दा डॉरिस श्रीनिवासन यांनी १९७५ मध्ये मांडला. मला तर तो शंकरापेक्षा आमच्या शिवेवरच्या म्हसोबाच्या जवळचा वाटतो. पण हे माझं वाटणं झालं, पुरावा नव्हे. मार्शलसाहेबांनीही वाटण्यावरच भिस्त ठेवली होती.

स्नानगृह खरं आहे. साधारण बारा मीटर लांब, सात रुंद, अडीच मीटर खोल, विटांमागे डांबराचा थर. इतकी मेहनत नुसत्या पोहण्यासाठी कोण करेल? धार्मिक वापर असणार, हे मलाही पटतं. पण कोणता धर्म, कोणता मंत्र, हे विटा सांगत नाहीत. सांगू शकली असती ती लिपी. चारेकशे चिन्हं आणि एका मजकुरात सरासरी पाच. पाच अक्षरांवरून भाषा ठरवायची म्हणजे दुकानाच्या पाटीवरून दुकानदाराचा स्वभाव ओळखण्यासारखं. 'मी वाचली' म्हणणारे पुष्कळ आहेत, पण एकाचं वाचन दुसऱ्याला मान्य नाही. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर केलेत. इतिहासवेडा, घ्या मनावर.

पिंपळाचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. मुद्रांवर पिंपळ आहे, पिंपळात उभी देवता आहे. पण तो पिंपळ तुमच्या मुंजाच्या पाराला जेवढा जवळ, तेवढाच बोधगयेला.

थेट_बोलतो

मोहेंजोदडोच्या सगळ्यात उंच टेकाडावर स्तूप आहे हे का नाही सांगत कोणी? म्हणजे बुद्ध आधी. विषय संपला.

खापरखुणा

संपला नाही हो. तो स्तूप कुषाण काळातला, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. शहर ओस पडल्यानंतर दोनेक हजार वर्षांनी तिथे भिक्खू आले आणि पायाखालच्याच जुन्या विटा उचलून त्यांनी स्तूप रचला. गंमत म्हणजे राखालदास बॅनर्जी तिथे गेले ते त्या स्तूपासाठीच. त्याच्या खाली काय आहे ते नंतर उमगलं. स्तूप नसता तर सिंधू संस्कृती सापडायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

चहाबाज

म्हणजे बुद्धामुळे हडप्पा सापडली. थेट_बोलतो साहेब, अर्धा विजय तुमचा.

परदेशी_पोहे

न्यू जर्सीहून. इथे मराठी मंडळात हाच वाद डीएनएवरून होतो, म्हणून दोन ओळी. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या एका बाईचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. तिच्यात स्टेप गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश मिळाला नाही. त्याच महिन्यात ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांवरचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार तो अंश भारतात इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान मिसळला.

एक गट पहिला निबंध दाखवून म्हणतो "बघा, आर्य वगैरे बाहेरून कोणी आलं नाही". दुसरा गट दुसरा दाखवून म्हणतो "बघा, आले". दोन्ही निबंधांच्या लेखकांत बरीच नावं सामाईक आहेत, हे कोणीच बघत नाही. आणि हाडं भाषा बोलत नाहीत. त्या बाईच्या देव्हाऱ्यात काय होतं हे तिच्या जनुकांत कुठून सापडणार?

जुनी_बाई

मी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं, तेव्हा वेदांच्या बाजूने बोलायची जबाबदारी माझी. पण वेदांची बाजू म्हणजे इतिहासवेडा म्हणतात ती बाजू नव्हे.

ऋग्वेदात १,०२८ सूक्तं. इंद्र, अग्नी, सोम यांची गर्दी आहे. रुद्राच्या वाट्याला स्वतंत्र अशी दोन-तीनच. विष्णूही बाजूलाच उभा. देऊळ नाही, मूर्ती नाही, विटांचं शहर नाही. घोडे आणि रथ मात्र जागोजागी. आपण आज घरात जे करतो, म्हणजे गणपती, सत्यनारायण, एकादशी, त्यातलं काहीही त्या ऋषींना ओळखू येणार नाही. लग्नात अग्नीभोवती फिरतो तेवढं येईल.

काळासाठी एक भक्कम खुंटी आहे आणि ती तुर्कस्तानात आहे. बोगाझकोयला सापडलेल्या, हित्ती आणि मितान्नी या दोन जुन्या राज्यांमधल्या तहात मितान्नीच्या बाजूने साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव बोलावलेत. इसवी सनपूर्व चौदावं शतक. देवांचीच नावं, आणि तीही आपल्या ऋग्वेदाच्या जोडणीत. म्हणजे त्या सुमाराला हे देव पूजणारे लोक होते हे नक्की, आणि ते फक्त पंजाबातच नव्हते हेही नक्की.

आता मला आवडणारी जागा. दहाव्या मंडलात १३६ वं सूक्त आहे, केशीचं. लांब केसांचा मुनी, अंगावर मळकट पिवळी वस्त्रं, वाऱ्यावर स्वार झालेला, रुद्राबरोबर एकाच पात्रातून पिणारा. हा यज्ञ करत नाही, आहुती देत नाही. सगळ्या ऋग्वेदात तो असा एकटा, पाहुण्यासारखा उभा आहे. वर्गात शिकवताना मला नेहमी वाटायचं, ऋषींनी याला कुंपणापलीकडून पाहिलाय. हे भटके लोक पुढे श्रमण (घरदार सोडलेले साधक) म्हणून पूर्वेकडे दिसतात, तेव्हा ते एकाएकी आभाळातून पडलेले नसतात.

आणि पूर्वेबद्दल वैदिकांना काय वाटत होतं तेही लिहून ठेवलंय. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधीच्या ग्रंथात विदेघ माथव हा राजा अग्नीच्या मागोमाग पूर्वेला जातो. अग्नी सगळं जाळत जातो, पण सदानीरा नदीपाशी थांबतो. 'पूर्वी ब्राह्मण ही नदी ओलांडत नसत', असं ग्रंथच सांगतो. त्याच ग्रंथात स्मशानाच्या प्रकरणात आहे की आपले लोक चौकोनी थडगी बांधतात आणि पूर्वेकडचे आसुरी लोक गोल.

खापरखुणा

बाई, दंडवत. गोल! स्तूपाचा आकार!

जुनी_बाई

मी म्हटलं नाही, तुम्ही म्हणालात. पण हो.

इतिहासवेडा

बाई, म्हणजे तुमच्या मते कर्म, पुनर्जन्म हे सगळं बौद्धांकडून उसनं घेतलंय? उपनिषदं बुद्धाच्या आधीची आहेत ना?

जुनी_बाई

बृहदारण्यक आणि छांदोग्य आधीची, हे बहुतेक अभ्यासक मानतात. उसनं-पासनं मी म्हणत नाही. योहानेस ब्राँकहॉर्स्ट यांच्यासारखे म्हणतात की कर्मफळाची कल्पना पूर्वेकडच्या मगधाच्या मुलखातली आणि वैदिकांनी ती तिथून घेतली. वाद चालू आहे. मी तुम्हाला बृहदारण्यकातला मूळ प्रसंग सांगते, तुम्हीच ठरवा.

जनकाचा दरबार. हजार गाई उभ्या, प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद (तेव्हाचं वजन) सोनं बांधलेलं, आणि याज्ञवल्क्याला एकेक जण प्रश्न विचारतोय. आर्तभाग विचारतो: माणूस मेला की वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत. मग तो माणूस कुठे असतो? भर सभेत उत्तर द्यायचं सोडून याज्ञवल्क्य म्हणतो, "आहर सोम्य हस्तम्", बाळा, हात दे. हे आपण दोघंच जाणू, लोकांत नको. दोघं बाजूला जातात. काय बोलले? उपनिषद एवढंच सांगतं की जे बोलले ते कर्माबद्दल बोलले. पुण्याने पुण्यवान होतो, पापाने पापी. आर्तभाग गप्प बसतो.

जी गोष्ट आज एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा "ज्याचं त्याचं कर्म" म्हणून सांगतो, ती तेव्हा दरबारात उघड बोलायची नव्हती. घरचीच जुनी विद्या असती तर अशी कुजबुज कशाला? छांदोग्यात प्रवाहण जैवली हा पांचालांचा राजा तर गौतमाला तोंडावर सांगतो, ही विद्या तुझ्या आधी ब्राह्मणांकडे गेलेली नाही.

शेंगोळे

बाई, तुमच्या वर्गात असते तर संस्कृत सोडून फ्रेंच घेतली नसती.

नाग_नदी

आतापर्यंत गप्प वाचत होतो. एक सांगतो, माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या धर्मांतराला होती, कडेवर माझा बाप. आम्हाला 'आधी कोण' या शर्यतीत रसच नाही. आधी असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. तिला कोणी विचारलं असतं की तुझा धर्म किती जुना, तर तिने बोटावर वर्षं मोजून सांगितलं असतं.

पण बुद्धाबद्दल दोन गोष्टी, कारण इथे सगळे वेदातच बुडालेत. लहानपणी चित्रात काय पाहिलं? म्हातारा, रोगी, प्रेत, संन्यासी, मग मध्यरात्री बायको-मूल झोपलेलं सोडून घोड्यावरून पलायन. जुन्या सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली ग्रंथांत, गोतम बुद्धाची कथा अशी नाही. दीघनिकायात ती चार दृश्यं विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाच्या गोष्टीत आहेत. मज्झिमनिकायात बुद्ध स्वतः सांगतो की आईबाप नको म्हणत असताना, त्यांचे चेहरे आसवांनी भिजलेले असताना, मी केस-दाढी उतरवून निघालो. म्हणजे दिवसाढवळ्या, सगळ्यांना सांगून.

का निघाला? सुत्तनिपातात अत्तदंड सुत्त आहे. 'फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा.' आटत्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांशी झगडताना पाहिली आणि मला भीती वाटली. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी या ओळीवर बोट ठेवलं आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून बुद्धाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्या भांडणाशी गृहत्यागाचा संबंध जोडला. बाबासाहेबांनीही रोहिणीच्या पाण्याचीच कथा मांडली. उन्हाळ्यात कॅनॉलच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघालेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा गृहत्याग समजवावा लागत नाही.

इतिहासवेडा

पण शेवटी बुद्ध हा विष्णूचा नववा अवतारच ना? मग भांडण कशाला, सगळं एकच.

नाग_नदी

धर्मांतराच्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी वाचा, बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हीच. मग बोलू.

घाटवाट

इतिहासवेडा, हे मलाही नाही पटलं. आपल्या पंगतीत पान वाढून एखाद्याला 'तू आमचाच' म्हणायचं, पण त्याचं ऐकायचं नाही, हा जुना खेळ आहे. अवताराच्या यादीत बुद्ध येतो तो त्याच्यानंतर कित्येक शतकांनी, आणि काही पुराणांत तर असुरांना चुकीच्या वाटेला लावण्यासाठी येतो. हा काही मान नव्हे.

इतिहासवेडा

असुरांचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पण बुद्धाने वैदिकांचं काहीच घेतलं नाही असंही नका म्हणू.

नाग_नदी

कोण म्हणतंय? घेतलं आणि उलटं केलं. सुत्तांत इंद्र 'सक्क' होऊन बुद्धाला प्रश्न विचारायला येतो. धर्म शिकव अशी विनवणी करायला खुद्द ब्रह्मा सहम्पती येतो. सत्यांना नाव 'आर्यसत्यं', पण आर्य कुळाने नव्हे. ब्राह्मण हा शब्दही ठेवला: 'न जच्चा होति ब्राह्मणो, कम्मुना होति ब्राह्मणो.' जन्माने नाही, कर्माने. आणि बाई, तुमच्या याज्ञवल्क्याचं कर्म यज्ञाच्या वासाचं होतं, बुद्धाने ते हेतूवर आणून ठेवलं. मनात काय होतं ते महत्त्वाचं.

जुनी_बाई

याज्ञवल्क्य माझा नाही हो, सगळ्यांचा. पण मुद्दा मान्य.

पैठणकर

उशिरा आलो, पण आमच्या गावाचं नाव राहू नये म्हणून लिहितो. सुत्तनिपाताच्या शेवटच्या वग्गात (भागात) बावरीची गोष्ट आहे. बावरी हा कोसलचा ब्राह्मण, दक्षिणेत येऊन गोदावरीच्या काठी अश्मकांच्या मुलखात राहिला. मोठा यज्ञ केला, असेल नसेल ते वाटून टाकलं. एवढ्यात दुसरा एक ब्राह्मण दारात आला. पाय सुजलेले, दात किटलेले, डोक्यावर धूळ. म्हणाला, पाचशे दे. बावरीकडे काही उरलंच नव्हतं. त्याने शाप दिला: सातव्या दिवशी तुझं डोकं फुटून सात तुकडे होतील.

घाबरलेल्या म्हाताऱ्याने सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. त्यांची वाट बघा: पतिट्ठान म्हणजे आमचं पैठण, मग महेश्वरकडची माहिस्सती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, आणि शेवटी राजगृहाजवळचं पासाणक चेतिय. शिष्य जटाधारी, मृगाजिनवाले, वेद पढलेले. बुद्धाने सांगितलं, अविद्या हेच डोकं आणि विद्या ते फोडते. मग सोळा जणांनी एकेक प्रश्न विचारला.

गोष्टीची चौकट नंतर जोडली असेल, पण वाट खोटी नाही. हाच दक्षिणापथ. माल याच वाटेने जायचा, प्रश्नही याच वाटेने गेले.

जुनी_बाई

पैठणकर, डोकं फुटण्याची ही धमकी याज्ञवल्क्याच्या त्याच सभेत आहे! गार्गीला तो म्हणतो, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. शाकल्याचं तर खरंच पडतं. तीच धमकी बावरीच्या दारात आली आणि बुद्धाने तिचा अर्थच बदलून टाकला. दोन्हीकडचे लोक एकाच सभेत वाढलेले वाटतात ते यामुळे.

शेंगोळे

अवांतर: मग एकवीरा कुठे बसते यात? वेदात नाही, सुत्तात नाही. धागा तिच्या रांगेत सुरू झाला आणि तिलाच विसरलात.

खापरखुणा

बरोबर पकडलंत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं खणलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० मधलं शेतकऱ्यांचं गाव, म्हणजे पंजाबात ऋचा रचल्या जात होत्या तेव्हा इथे बार्ली पिकत होती. घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, मध्ये बाळ. मोठी माणसं पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला उठून चालत जाऊ नये म्हणून, असा कयास आहे. तिथेच एका घरात कच्च्या मातीची डबी मिळाली. तिच्यासोबत मातीच्या स्त्रीमूर्ती, त्यातल्या एकीला डोकंच नाही, आणि जोडीला बैल. काडी खोचली की बाई बैलावर बसते.

पुढे सातवाहनांच्या काळात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला बिनडोक्याच्या लज्जागौरी, म्हणजे मातृदेवतेच्या मूर्ती, मिळतात. मधे हजार वर्षांची दरी आहे, म्हणून दोन्हींना जोडणारी रेघ मी मारणार नाही. पण तिला नावही नव्हतं तेव्हापासून कोणीतरी बाई इथे घरात पुजली जात होती, एवढं त्या डबीवरून म्हणता येतं. ना यज्ञ ना विहार. दामोदर कोसंबी, धर्मानंदांचे चिरंजीव, पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून हेच सांगत होते की लेणी जिथे आहेत तिथे आईचं ठाणंही असतं, आणि वाटाही तिथेच मिळतात. लेण्याद्रीला बघा, बौद्ध विहारात गिरिजात्मज बसलाय आणि त्याच्या नावात आई आहे.

घाटवाट

शेंगोळे, आभार. बहिणीला दाखवतो हे.

भाचीला काल सगळा धागा वाचून दाखवला. जनुकांपाशी जांभई, मुद्रेपाशी "म्हसोबा!" म्हणून हसली. आर्तभागापाशी मात्र थांबली. म्हणाली, "मग याज्ञवल्क्याने सगळ्यांसमोर का नाही सांगितलं? गाई तर सगळ्यांसमोर घेतल्या." मी म्हटलं, धाग्यावर विचारतो.

नाग_नदी

पोरगी हुशार आहे. तिला महापरिनिब्बान सुत्तातलं एक सांगा. बुद्ध आजारातून उठलाय, आनंदाला वाटतं आता शेवटचं काही गुह्य सांगेल. बुद्ध म्हणतो, मी आतलं-बाहेरचं असा भेद न करता शिकवलं. तथागताकडे, म्हणजे माझ्याकडे, 'आचरियमुट्ठि' नाही. म्हणजे गुरूने मिटून ठेवलेली मूठ.

जुनी_बाई

हे सांगाच. आणि हेही सांगा की ज्यांनी मूठ मिटली म्हणता, त्यांनीच तो याज्ञवल्क्याचा प्रसंग जसाच्या तसा पाठ करून ठेवला, कुजबुजीसकट. लपवायचंच असतं तर ओळच गाळली असती. तिला म्हणावं, बारावीनंतर संस्कृत आणि पाली दोन्ही घे.

नाग_नदी

पाली आधी.

जुनी_बाई

झालं का सुरू तुमचं 'आधी कोण'!

पैठणकर

तिला नाणेघाट दाखवा आता. सातवाहनांच्या नागनिका राणीच्या लेखात आधी धर्माला आणि इंद्राला नमन, मग संकर्षण-वासुदेवाला, मग चंद्र-सूर्याला आणि चार लोकपालांना. पुढे अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेच्या गाईंचे आकडेच आकडे. त्याच घराण्यातल्या गौतमी बलश्रीने पुढे नाशिकला लेणं दिलं, ते भिक्खूंना. लेकाचं कौतुक करताना त्याला 'एकबम्हण' (अद्वितीय ब्राह्मण) म्हणवते आणि खालीच भदायनीय या बौद्ध संघाला दान.

घाटवाट

ठरलं. शनिवारी पहाटे निघतो. वैशाखरे बाजूने चढायचं की जुन्नरकडून गाडीने वरपर्यंत? भाचीचे बूट नवे आहेत.

चहाबाज

वैशाखरेकडून. नवे बूट चावतात, जुनी चप्पल पिशवीत असू द्या. वर गुहेत थर्मासमधला चहा प्यायला येतो मी.